माझ्या पोटातला गोटा

मी एक जुनी मातीची हंडी आहे. माझ्या अंगावर तपकिरी झिलई आहे, झिलईवर पांढरी फुले आहेत आणि एका कानाला तडा आहे. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे. त्याला माझा इलाज नाही. मातीचे भांडे भट्टीतून निघाले की त्याचे कौतुक कोणी करत नाही. आधी टिचकी मारतात आणि कान लावून ऐकतात, कुठे तडा तर गेला नाही ना! जन्मल्या जन्मल्या जिच्यावर संशय घेतला, ती पुढे जगावर काय विश्वास ठेवणार?

मी फ्रान्सच्या पूर्व सीमेवरच्या आल्सेस प्रांतातल्या सूफ्लेनहाइम गावची. तिथल्या एका कुंभाराने मातीच्या एकाच गोळ्यातून मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला घडवले. फुले तीच, कान तेच, झाकणावरची गोल मूठही तीच. आमच्याकडे झाकण हंडीवर ठेवूनच भट्टीत घालतात. त्यामुळे माझे झाकण माझ्याच तोंडावर चपखल बसते. बहिणीचे झाकण दिसायला अगदी तसेच, पण माझ्यावर ठेवले तर एका अंगाला डुगडुगते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

बाजारात आम्हा दोघींना लिंडेनबाख गावच्या एका यहुदी म्हातारीने विकत घेतले. तिने घासाघीस करून कुंभाराला रडकुंडीला आणले आणि जाताना त्याच्या पोरांसाठी खाऊही ठेवून गेली. मरताना तिने एक हंडी मुलीला दिली, एक सुनेला. मुलगी फ्राडेल, तिच्याकडे बहीण गेली. सून ब्रायनेल, तिच्याकडे मी आले. आमची दोन घरे एकाच गल्लीच्या दोन टोकांना होती.

त्या काळची माझी नोकरी मोठी मानाची. यहुद्यांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळताना सुरू होतो आणि शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत चालतो. तेवढ्या वेळात घरात चूल पेटवायची नाही, असा धर्म. मग शनिवारच्या दुपारी गरम जेवण कसे मिळायचे? त्यासाठी आम्ही होतो. शुक्रवारी दुपारी बायका हंडीत पांढरा घेवडा, जव, कांदा आणि मांसाचा तुकडा घालत, झाकणाच्या कडेला कणकेची पट्टी दाबून तोंड बंद करत आणि हंडी येकेल पाववाल्याच्या भट्टीत नेऊन ठेवत. सूर्य मावळायच्या आत येकेल सगळ्या हंड्या आत सारी. रात्रभर मंद आचेवर आम्ही कुजबुजत शिजायचो. शनिवारी दुपारी ब्रायनेल माझे तोंड उघडायची तेव्हा तिचा नवरा लिपमान डोळे मिटून वास घ्यायचा आणि म्हणायचा, "एवढ्यासाठी आठवडाभर पायपीट करतो मी."

लिपमान पाठीवर गाठोडे घेऊन खेड्यापाड्यांत कापड विकायचा. एका हिवाळ्यात लांबच्या बाजाराहून भिजून आला, अंथरुणाला खिळला आणि गेला. मयतीच्या दिवशीच फ्राडेल भावजयीला म्हणाली, "अशा थंडीत पाठवलंस त्याला. तूच मारलंस माझ्या भावाला." ब्रायनेलने दाराकडे बोट दाखवले. त्यानंतर चार वर्षे त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. रस्त्यात समोरासमोर आल्या तर एक खाली बघे, दुसरी आभाळाकडे. फ्राडेलने स्वतःच्या घरात सुया, दोरे आणि बटणांचे दुकान चालवले. तीही विधवाच, मूलबाळ नाही, जीभ मात्र तिच्या सुयांपेक्षा टोकदार.

ब्रायनेलला दोन मुले, थोरली रायझेल आणि धाकटा मेयर. ती लोकांच्या हंसांची चरबी कढवून बरण्यांत भरून देई. गावाची वर्षभराची फोडणी तिच्या हातची होती. त्यावर तिघांचे पोट कसेबसे भरे, पण मांसाचा तुकडा काही परवडेना. आणि ब्रायनेल मानी. येकेलच्या फळीवर हंडी हलकी लागली तर गाव काय म्हणेल? म्हणून ती नदीतला एक गोल गोटा घासून, उकळून स्वच्छ करायची आणि घेवड्यात ठेवायची. शनिवारी मुले ताटावर बसायच्या आधी गुपचूप काढून घ्यायची. मुले विचारत, "आई, मांस?" ती म्हणे, "विरघळलं रे. रात्रभर शिजल्यावर राहतंय कशाला?" तो गोटा माझ्या पोटात कितीतरी शुक्रवार निजला. मी कधी कोणाला बोलले नाही.

आता त्या शुक्रवारचे ऐका. थंडी कडाक्याची होती. फळीवर हंड्यांची दाटी झाली होती. बायका शब्बाथच्या मेणबत्त्या लावायला घरी परतल्या आणि येकेल लाकडे आणायला मागल्या दारी गेला. तेवढ्यात कोणीतरी घाईघाईने आत आले. मला बाजूला सरकवले गेले आणि माझ्या पोटातला गोटा टक्कन वाजला. मग सगळी हालचाल थांबली. थोड्या वेळाने माझी ओली कणीक कोणीतरी अलगद सोडवली. एक गारठलेला हात आत आला. त्याने माझा गोटा काढून घेतला आणि त्या जागी काहीतरी मऊ, जड ठेवले. पुन्हा झाकण पडले, पुन्हा कणीक दाबली गेली, पावले निघून गेली. आणि मित्रांनो, ते झाकण माझे नव्हते! कणकेखालीही ते डुगडुगत होते.

भट्टीत मी रात्रभर अस्वस्थ होते. माझा संशय सरळ फ्राडेलवर गेला. गावात माझ्या धनिणीचे वाईट चिंतणारे दुसरे होते कोण? शिवाय झाकण बहिणीचे वाटत होते. काय घातले असेल तिने माझ्यात? डुकराचे मांस? मेलेले मांजर? शेजारच्या हंड्यांना विचारावे तर त्या आपल्याच वाफेत गुंग होत्या.

शनिवारी दुपारी ब्रायनेलने झाकण काढले आणि तिचा हात तसाच राहिला. घेवड्यात तळहाताएवढा मांसाचा तुकडा होता. मेयर टाळ्या वाजवू लागला. "आई, आज विरघळलं नाही!"

ब्रायनेलने डाव फिरवून पाहिला. गोटा नव्हता. तिचा चेहरा पांढरा पडला. मांस कुठून आले ही एक भीती, आणि आपला गोटा कोणाच्या तरी हाती लागला ही दुसरी. मुलांची ताटे समोर होती. खाल्ले असते तर कोणाला कळणार होते? पण तिने मुलांना पावाचे तुकडे दिले, झाकण ठेवले, मला कडेवर घेतले आणि रब्बींच्या घरची वाट धरली. मेयरचे रडणे गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू येत होते.

रब्बी म्हणजे यहुद्यांचे धर्मगुरू आणि न्यायाधीशही. आमचे रब्बी नाफ्ताली बुटके होते, खांद्यात वाकलेले, आणि त्यांना सरळ प्रश्न विचारायची सवयच नव्हती. ब्रायनेलने सगळे सांगितले. फक्त गोट्याचे सांगितले नाही.

"मांस आलं म्हणतेस," रब्बी म्हणाले. "काही गेलं का हंडीतून?"

ब्रायनेल झाकणाची मूठ पुसत म्हणाली, "नाही."

"बरं," रब्बी म्हणाले आणि त्यांनी तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघितले.

मामला किती कठीण होता ते सांगते. गावात ख्रिस्ती खाटकांची दुकाने जास्त, आणि तिथे डुकराचेही मांस. जे मांस कुठून आले ते ठाऊक नाही, ते यहुद्याने तोंडात घालायचे नाही, धर्माला चालणारे म्हणजे कोशेर असेल की नाही काय भरवसा? आणि असले मांस ज्या भांड्यात शिजले ते भांडेही बाटते. तांब्या-लोखंडाचे भांडे उकळून, तापवून शुद्ध होते. मातीचे होत नाही. माती सगळे पिऊन बसते. तिला फोडून टाकायचे. म्हणजे मांसाचा मालक सापडला नाही, तर माझी खापरे होणार होती.

ब्रायनेलचे माझ्याहून वाईट होणार होते. रब्बींच्या घराबाहेर ती पडली तेव्हा समोरच गुम्पेल उभा होता. गुम्पेल गुरांचा व्यापारी आणि यहुदी पंचायतीचा मुख्य. त्याला बातमीचा वास हंडीच्या वासाआधी येई. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाले.

"येकेलच्या दुकानाचं दार म्हणजे धर्मशाळा," एक जण म्हणाला. "कोणी यावं, काहीही टाकावं."

"येकेल काय करील? हिनेच स्वस्तात कुठूनतरी घेतलं असेल," गुम्पेल म्हणाला. "आता पोटात भीती शिरली म्हणून साळसूदपणा."

"अगबाई, आणि हिच्या हातची चरबी आपण वर्षभर खातोय!"

रविवारी सकाळी ब्रायनेलच्या उंबऱ्यावर चरबीच्या भरलेल्या बरण्या आणून ठेवलेल्या होत्या. कोणी दार वाजवले नाही. नुसत्या ठेवल्या आणि गेले. तिच्या हातचे आता कोणी खाणार नव्हते, आणि तिच्या मुलांचे पोट त्याच हातांवर चालत होते.

रब्बींनी मला ठेवून घेतले होते, मी तेव्हा त्यांच्या खिडकीत बसले होते. शब्बाथला काही फोडायचे नाही म्हणून माझे मरण एक दिवस पुढे गेले होते. येकेलच्या अंगणात लोक जमू लागले होते आणि गुम्पेलने हातोडी आणली होती. रब्बी प्रार्थना आटोपून आले, माझ्यापुढे बसले, झाकण उचलले, ठेवले, पुन्हा उचलले, पुन्हा ठेवले.

"लोक अंगणात थांबलेत, आणि तुम्ही झाकणाशी काय खेळताय?" त्यांची बायको म्हणाली.

"हिच्या डोक्यावर दुसरीचीच टोपी आहे."

"मग हिची टोपी कुठे गेली?"

"तेच तर. सगळा गाव विचारतोय, मांस आणलं कोणी? मी आपल्या खाटकाला विचारून आलो. या आठवड्यात कोणी जास्तीचा तुकडा नेला नाही. मग काल कोणाच्या तरी ताटात मांस नव्हतं. ते कोण, हे कोणीच विचारत नाही."

"तुमच्या ताटात होतं. दोनदा वाढलं," रब्बीण म्हणाली.

रब्बींनी मला काखोटीला मारले. अंगणाकडे न वळता ते गल्लीच्या टोकाकडे निघाले. असे झाकण गावात आणखी एकाच घरी आहे, हे त्यांना माहीत होते. त्या म्हातारीच्या सांगण्यावरून तिच्या वस्तूंची वाटणी त्यांनीच तर केली होती.

फ्राडेल बटणे निवडत होती.

"फ्राडेलबाई, कालचं कालवण कसं झालं होतं?"

"कालवणासारखं. सकाळी सकाळी दुसऱ्याच्या हंड्या घेऊन दारोदार फिरता का हल्ली, रब्बी?"

"घरी करमत नाही. तुमची हंडी जरा इथे ठेवता?"

"का? तिच्यावरही आळ आहे?"

"ठेवा तर खरं."

कित्येक वर्षांनी मी आणि बहीण एका मेजावर शेजारी बसलो. रब्बींनी माझ्यावरचे झाकण तिच्यावर ठेवले, तिच्यावरचे माझ्यावर. म्हणजे खरे तर जिचे तिला दिले. दोन्ही झाकणे न डुगडुगता बसली. फ्राडेलने ते पाहिले आणि हातातली बटणे खाली ठेवली. आता हिचे पाप बाहेर येणार म्हणून मी कान टवकारले.

"मांस कुठलं?" रब्बींनी विचारले. बहुधा जन्मात पहिल्यांदाच त्यांनी सरळ प्रश्न विचारला असेल.

"माझ्या हंडीतलं. आपल्या खाटकाकडून आणलेलं, त्याला विचारा. माझ्या वाटणीचा एकच तुकडा होता. कोशेर आहे. झालं समाधान?"

"तिच्या हंडीत का गेला?"

फ्राडेलने मेजाचा खण उघडला, आतून माझा गोटा काढला आणि आमच्या मध्ये ठेवला. तो तिने धुऊन पुसून ठेवला होता.

"जागा करायला मी तिची हंडी सरकवली. आत टक्क झालं. हाड असं वाजत नाही, रब्बी. म्हणून उघडून बघितलं." तिने गोट्यावर हात ठेवला. "माझ्या भावाची पोरं दगड घालून शिजवलेलं खातात, आणि मी त्याच गल्लीत मांस चघळत बसते. मला काही सुचलं नाही. माझा तुकडा तिच्यात टाकला. गोटा माझ्यात टाकला. हंडी हलकी लागली तर येकेल विचारील ना. दुकानातल्या अंधारात झाकणं बदलली ते कळलंच नाही."

"तिला सांगून दिलं असतं तर?"

"मी दिलेलं ती मांजरालाही घालणार नाही."

"गुपचूप द्यावं, हे चांगलंच," रब्बी हळूच म्हणाले. "पण न सांगता ठेवलेलं मांस आपल्यात कोणाचंच नसतं, आणि कोणाचंच नसलेलं मांस कोणाला खाता येत नाही. एवढं लहान पोराला कळतं. तुम्ही कशा विसरलात?"

"चार वर्षं बोलणं नाही तिच्याशी. काही सांगायचं असतं, हेच विसरले." फ्राडेलने डोळे पुसले. "माझं नाव घ्यायचं तर घ्या. हवं तर मीच येऊन सांगते. पण त्या गोट्याचं कोणाला कळता कामा नये. अब्रू आहे तिची ती."

"तुमचं नाव घेतलं की 'का दिलं' असं विचारतील. त्यामागून गोटाही येईल. राहू द्या. तुमच्या शब्दावर मी निकाल देतो. माझ्या शब्दावर गावाने विश्वास ठेवावा."

मी त्या मेजावर गुपचूप बसून होते. रात्रभर मी जिला शिव्या दिल्या, तिने काल शनिवारी दगडाशेजारचा नुसता घेवडा खाल्ला होता. मला वाणी असती तर मी काहीतरी बोलले असते.

येकेलच्या अंगणात ब्रायनेल एका बाजूला उभी होती, रायझेल आणि मेयर तिच्या पदराआड. गुम्पेलने हातोडीचा दांडा दोनदा तपासला. रब्बींनी मला पायरीवर ठेवले.

"मांस कोशेर आहे," ते म्हणाले. "हंडी कोशेर आहे, भट्टी कोशेर आहे आणि ब्रायनेलच्या हातची चरबीही कोशेर आहे. घरी जा."

"मांस घातलं कोणी?" गुम्पेलने विचारले.

"ज्याचं होतं त्याने."

"असं कसं, रब्बी? नाव कळल्याशिवाय आम्ही कसं मानायचं?"

"गुम्पेल, इतकी वर्षं तू माझ्या शब्दावर बैलाचं मांस खातोस. कधी बैलाचं नाव विचारलंस?"

अंगणात हसू पसरले. गुम्पेलने हातोडी पाठीमागे नेली. बरण्या ज्यांनी परत केल्या होत्या त्या बायका एकमेकींकडे न बघता ब्रायनेलच्या घरी गेल्या आणि घेऊन आल्या. एक जण म्हणाली, "झाकण तपासायला ठेवली होती गं." ब्रायनेलने हूं केले.

संशय मात्र एका दिवसात मरत नाही. त्याची नुसती चव बदलली. आता सगळे एकमेकांकडे वेगळ्याच नजरेने बघू लागले. आपल्या वाटणीचे मांस देणारा हा तर नसेल? ती तर नसेल? येकेलवर संशय आला, रब्बीणीवर आला. काही जणांना तर गुम्पेलचाच संशय येऊ लागला, आणि त्याने तो अजिबात खोडून काढला नाही. त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत माणसे एकमेकांशी जरा जपून आणि जरा बरी बोलत. मी अनेक हिवाळे पाहिले, पण तसा पुन्हा नाही पाहिला.

ब्रायनेलने मात्र घरी येऊन मला घासले, सुकवले आणि झाकण ठेवले. ते चपखल बसले. तिने पुन्हा उचलले, पुन्हा ठेवले. शनिवारी कणीक फोडल्यावर झाकण डुगडुगले होते, ते तिला आता आठवले. तशी मूठ आणि तशी फुले असलेले दुसरे झाकण कोणाकडे आहे, ते तिला रब्बींनी सांगायची गरज नव्हती. ती चुलीपुढे बसून खूप वेळ रडली. मग उठली आणि तोंड धुतले.

पुढच्या शुक्रवारी तिने माझ्यात घेवडा, जव आणि कांदा घातला. गोटा शोधला नाही. दुसऱ्या कुठल्या दगडालाही हात लावला नाही. येकेलच्या दुकानात बायकांची गर्दी होती आणि फळीपाशी फ्राडेल आपली हंडी ठेवत होती. ब्रायनेल थेट तिच्याजवळ गेली.

"वन्सं," ती म्हणाली.

सगळ्या बायका वळून बघू लागल्या. येकेलचा हात पिठात तसाच राहिला.

"वन्सं, माझी एक वस्तू तुमच्याकडे राहिलीय."

फ्राडेलने मान वर केली नाही. माझी जागा करण्यासाठी ती बहिणीला सरकवत राहिली. मग म्हणाली, "आहे. राहू दे माझ्याकडेच, वहिनी. जड आहे गं ती. एकटीने किती दिवस उचलायची?"

ती वस्तू कोणती, हे त्या दुकानातल्या कोणालाही शेवटपर्यंत कळले नाही. त्या शनिवारी फ्राडेल जेवायला आली ती येतच राहिली. मग एका शुक्रवारी मी भट्टीत जायचे, एका शुक्रवारी बहीण. दोन घरांना एक हंडी पुरू लागली.

बहीण पुढे एका खोडकर मांजरामुळे फळीवरून पडून फुटली. मी रायझेलबरोबर तिच्या सासरी गेले, आणि आता तिच्या नातीच्या घरी आहे. माझ्यात आता कोणी शिजवत नाही. कानाला तडा गेल्यापासून मी कांदे सांभाळते. मधून मधून कोणीतरी म्हणते, "हे जुनं खापर कशाला ठेवलंय?" तो गोटा अजून आहे. दर हिवाळ्यात आंबवलेल्या कोबीच्या पिंपात फळीवर वजन म्हणून ठेवतात. त्याची गोष्ट घरात कोणाला ठाऊक नाही. आता तुम्हाला ठाऊक झाली.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी भांडी टाकून देऊ नका, एवढे तर मी मागतेच. पण खरे मागणे दुसरे आहे. माणसे हंडीला टिचकी मारून बघतात, तशी एकमेकांनाही मारतात. जरूर मारा. मी संशयी आहे, मी नाही म्हणणार नाही. फक्त कान लावाल तेव्हा तडा गेला आहे का एवढेच ऐकू नका. आत गोटा वाजतो का, तेही ऐका.